जुलैमधल्या पाण्याची नोंद

महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जानेवारीत, मार्चमध्ये, मे महिन्यात आणि मग पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात. केंद्रीय भूजल मंडळ ऑगस्टमध्येही एक नोंद घेते, आणि काही ठिकाणी स्वयंचलित नोंदकही बसले आहेत. या वेळापत्रकात चूक काही नाही. पावसाने किती भरले, आपण किती उपसले आणि वैशाखात तळाला किती उरले, हे कळण्यासाठीच ते आखले आहे. पाणीटंचाईच्या राज्याला ते आवश्यकच आहे. पण सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्याला, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त कोसळतो, पाण्याविषयी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. ऐन जुलैत डोंगरउताराच्या मातीत पाणी किती उंच चढले आहे आणि ते मातीला किती दाबते आहे? चार वेळांच्या या नोंदीत या प्रश्नाला जागा नाही.

दरडींच्या तारखा एकदा ओळीने लिहून पाहाव्यात. महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते ही गावे गाडली गेली ती २५ आणि २६ जुलै २००५ला. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ला. महाडचेच तळिये २२ जुलै २०२१ला. खालापूरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री. सगळ्या तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यातही कोकणात धो धो पाऊस पडतो, मग डोंगर तेव्हा का येत नाहीत? कारण तेव्हा माती कोरडी असते, पिते. दीड महिना पिऊन झाल्यावर तिच्या पोटात जागा उरत नाही, आणि मग पडणारा प्रत्येक इंच आत दाब वाढवत राहतो. हवामान खाते चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पावसाला सर्वांत वरच्या वर्गात घालते. पर्जन्यमापकाला हा आकडा १० जूनचा असो वा २५ जुलैचा, सारखाच दिसतो. डोंगराला तो सारखा नसतो.

अर्थात केवळ तारखेवर भिस्त ठेवता येत नाही. आपल्या जिल्ह्यातला सर्वांत दुःखद अपघात जूनमधलाच आहे. २२ जून २००३च्या रात्री कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीची विशेष गाडी वैभववाडी स्थानकापुढच्या कटिंगमध्ये, उतारावरून रुळांवर आलेल्या दगडमातीवर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. नव्याने कापलेला उतार डोंगराच्या जुन्या उतारासारखा वागत नाही, त्याची सहनशक्ती वेगळी असते. म्हणूनच मोजमाप हवे. कॅलेंडर पुरत नाही आणि नुसता पावसाचा आकडाही पुरत नाही.

मातीतल्या पाण्याचा दाब म्हणजे काय, हे समजायला मालवणच्या बंदरावर जावे. ओहोटीला होडी वाळूवर बसलेली असते. तिचे सगळे वजन वाळूवर असते, आणि चार माणसांनी खांदा लावला तरी ती तसूभर सरकत नाही. भरती आली की तीच होडी एक पोरगा काठीने ढकलतो. होडीचे वजन काही कमी झालेले नसते. ते पेलण्याचे काम वाळूकडून पाण्याकडे गेलेले असते, एवढेच. डोंगराच्या पोटात मातीच्या कणांचे नेमके हेच होते. वरच्या थरांचे वजन खालच्या कणांना एकमेकांवर घट्ट दाबून धरते आणि त्या दाबातून जे घर्षण निर्माण होते त्यावर उतार उभा असतो. कणांमधल्या पोकळ्यांत पाणी चढू लागले की वजनाचा काही भाग पाणी उचलते. पाणी वजन उचलू शकते, पण घर्षण देऊ शकत नाही. पाण्याने तुडुंब भरलेली माती पाण्याच्या साधारण दुप्पट जड असते. म्हणजे पाणी खालच्या घट्ट थरापासून थेट जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत भरले, तर त्या तळाच्या कणांना एकत्र धरणारे वजन जवळपास निम्मे होते. डोंगर दिसायला तोच असतो. वरची झाडे, घरे, गोठे तिथेच असतात. आतली पकड मात्र अर्ध्यावर आलेली असते.

हा नियम कार्ल टेरझागी या अभियंत्याने इस्तंबूलमध्ये शिकवत असताना प्रयोगांनी पक्का केला आणि १९२५मध्ये व्हिएन्नात निघालेल्या त्याच्या ग्रंथाने मृदाशास्त्राचा पाया घातला. आज अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिकवतात. पण नियम माहीत असणे आणि आपल्या वाडीमागच्या डोंगरात आज तो आकडा किती आहे हे माहीत असणे, यांत फार अंतर आहे. ते अंतर भरून काढणारे साधन म्हणजे पिझोमीटर, मराठीत म्हणायचे तर जलदाबमापी.

सिंधुदुर्गाच्या भूमीला हे साधन विशेष लागू पडते, कारण आपल्याकडे वर जांभा आणि खाली शेडी आहे. कोणत्याही जुन्या चिरेखाणीच्या कडेला उभे राहिले की हा क्रम डोळ्यांनी दिसतो. वर सड्याचा कडक, भोकाभोकांचा तांबडा जांभा. त्यातून पाणी सहज वाट काढते, काही ठिकाणी तर बोगद्यासारख्या नळ्यांतून वाहते. खाली उतरत गेले की चिरा मऊ पडतो, रंग फिकट होतो आणि मग पांढरट, गुलाबी, पिवळसर अशी गुळगुळीत शेडी लागते. खाणवाल्याचे काम तिथे संपते. बाव खणणाऱ्यांनाही हा सांधा चांगला ठाऊक असतो, कारण पाणी बहुधा इथेच लागते. जांभ्यातून झरझर खाली आलेले पाणी शेडीला अडते, कारण शेडी पाण्याला फार सावकाश वाट देते. उन्हाळ्यात ज्या सांध्याच्या पाण्यावर बाव चालते, तोच सांधा पावसाळ्यात घसरगुंडीचा पृष्ठभाग होऊ शकतो. डोंगराच्या पायथ्याशी जुलै-ऑगस्टमध्ये जागोजाग उमाळे फुटतात तेही बहुतेक याच सांध्यातून. उमाळा वाहतो आहे तोवर पाण्याला वाट आहे. नेहमीचा उमाळा भर पावसात अचानक बंद झाला, किंवा नितळ येणारे पाणी गढूळ झाले, तर ते जास्त चिंतेचे. जुनी माणसे हे पाहत आली आहेत. त्यांच्या डोळ्यांच्या जोडीला एक आकडा हवा, एवढीच मागणी आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बावीत किंवा कूपनलिकेत टेप सोडून पाण्याची पातळी मोजली म्हणजे मातीतला दाब कळला, असे नाही. भूजल खात्याच्या बोलीत केवळ पातळी मोजण्यासाठी मारलेल्या विंधणालाही पिझोमीटर म्हणतात, त्यामुळे घोळ वाढतो. उघडी विहीर तिच्या अंगाला लागलेल्या सगळ्या थरांचे पाणी एकत्र करते आणि त्या सरमिसळीची पातळी दाखवते. उताराच्या सुरक्षिततेसाठी हवा असतो एका ठरावीक खोलीवरचा, एका ठरावीक थरातला दाब: शेडीच्या माथ्यावर किती, शेडीत दोन मीटर आत किती. त्यासाठी मापकाचे टोक त्या थरात बसवून वरचा आणि खालचा थर त्याच्यापासून तोडावा लागतो. एकाच जागी दोन खोल्यांवर दोन मापक बसवले तर पाणी खाली मुरते आहे की खालून वर रेटते आहे, हेही कळते.

हा फरक पुस्तकी नाही. इटलीतील वायोंत धरणाच्या जलाशयावर टेकलेला डोंगर सरकतो आहे हे अभियंत्यांना ठाऊक होते. त्यांनी त्यात पाण्याची पातळी पाहण्यासाठी मोजक्या नळ्याही घातल्या होत्या. पण त्या विशिष्ट थरापुरत्या बंदिस्त नव्हत्या, लांबपर्यंत उघड्या होत्या. त्यामुळे बहुतेक काळ त्यांनी जलाशयाचीच पातळी परत सांगितली. एका नळीने सुरुवातीला तलावापेक्षा बरीच उंच पातळी दाखवली होती. डोंगराच्या आत वेगळे, जोरकस पाणी आहे याची ती खूण होती. ती निसटली. ९ ऑक्टोबर १९६३च्या रात्री डोंगराची अख्खी बाजू जलाशयात कोसळली, धरणावरून उसळलेल्या लाटेने खालची लोंगारोने आणि शेजारची गावे धुऊन नेली, सुमारे दोन हजार माणसे मेली. धरणाची भिंत आजही उभी आहे. मापक होते, पण प्रश्नाचे उत्तर देईल अशा रीतीने बसवलेले नव्हते.

म्हणून बसवण्याच्या कामाविषयी तपशिलात बोलणे गरजेचे आहे. निविदेत 'पिझोमीटर, नग अमुक' असे लिहून हे काम होत नाही. त्यातला कस विंधणयंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतो.

सर्वांत साधा आणि आपल्याकडे टिकण्याजोगा प्रकार उभ्या नळीचा. तो आर्थर कॅसाग्रांदे यांनी १९४०च्या दशकात बोस्टनच्या विमानतळाच्या भरावासाठी रूढ केला. आधी हातभर रुंदीपेक्षा कमी, चार ते सहा इंचांचे विंधण घ्यायचे. जांभ्यात ते सरळ उभे राहते, पण शेडीत भिंती ढासळतात, म्हणून सोबत लोखंडी आवरणनळी उतरवत जावे लागते. दर मीटरला काय लागले त्याची नोंद ठेवायची: रंग, मऊपणा, पाणी कुठे आले, यंत्र कुठे अचानक खाली गेले. ही नोंद नसेल तर पुढचा प्रत्येक आकडा अर्थहीन ठरतो, कारण टोक कोणत्या थरात आहे हेच कुणाला सांगता येत नाही. विंधण स्वच्छ पाण्याने धुवायचे. भिंती टिकाव्यात म्हणून चिकणमातीचा गाळ वापरला तर तोच गाळ पुढे मापकाची छिद्रे बुजवतो.

मग तळाशी वीतभर स्वच्छ वाळू. तिच्यावर मापकाचे टोक, म्हणजे सच्छिद्र सिरॅमिकची नळकांडी, आदल्या दिवसापासून पाण्यात भिजवून ठेवलेली. तिच्या छिद्रांत हवेचा बुडबुडा राहिला तर दाब बुडबुड्यात जिरतो आणि वाचन उशिरा आणि चुकीचे येते. टोकाभोवती आणि वर मिळून मीटरभर वाळू. ही वाळू किनाऱ्यावरून उचलून आणायची नाही, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि मीठ असते. कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. धुऊन चाळलेली तशी वाळू या कामाला उत्तम, आणि ती घरचीच आहे. वाळूवर बेंटोनाइटच्या गोळ्यांचा अर्धा ते एक मीटर थर. बेंटोनाइट ही कच्छमध्ये मुबलक सापडणारी, पाण्याने कितीतरी पट फुगणारी माती. गोळ्या फुगून विंधण गच्च बंद करतात. त्यांना फुगायला वेळ द्यावा लागतो, आणि घाई होते ती इथेच. संध्याकाळ झाली, यंत्र उद्या दुसरीकडे न्यायचे आहे, म्हणून गोळ्या टाकल्याबरोबर वरून सिमेंटचा रबडा ओतला जातो. तो फटीतून खाली उतरून वाळू आणि टोक दोन्ही आवळून टाकतो. वरून पाहणाऱ्याला नळी तितकीच नीटनेटकी दिसते. खाली मापक मेलेला असतो.

नीट झाले तर बेंटोनाइटवर सिमेंट-बेंटोनाइटचे मिश्रण भरत जमिनीपर्यंत यायचे आणि त्याच वेळी आवरणनळी हळूहळू वर ओढायची. वर कुलूपबंद झाकण, त्यात हवेसाठी बारीक छिद्र, भोवती सिमेंटचा उंच ओटा, म्हणजे पावसाचे पाणी थेट नळीत जाणार नाही. नळीच्या तोंडाची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून ओट्यावर कोरायची. शेवटी परीक्षा: नळीत पाणी ओतायचे आणि ते किती वेळात किती उतरते ते पाहायचे. अजिबात उतरले नाही तर टोक बुजले, क्षणात नाहीसे झाले तर बंदिस्ती फसली. ही परीक्षा झाल्याशिवाय बिल निघू नये, अशी अट करारात घातली तर निम्मे दोष तिथेच थांबतील.

दुसरा प्रकार कंप पावणाऱ्या तारेचा. त्यात पाण्याचा दाब एका पातळ पडद्यावर पडतो, पडद्याला जोडलेल्या ताणलेल्या तारेचा सूर बदलतो आणि त्या सुरावरून दाब कळतो. तंबोऱ्याची खुंटी सैल-घट्ट केल्यावर जे होते तेच. शेडीसारख्या थरात याचा मोठा फायदा. उभ्या नळीत पातळी चढायला शेडीतून पुरेसे पाणी झिरपून यावे लागते, त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. तारेच्या मापकाला थेंबभर पाणी पुरते, म्हणून तो तासातासाची चढउतार सांगतो. दरडीच्या इशाऱ्यासाठी हाच हवा. पण त्याचे लाड जास्त. उतरवण्यापूर्वी सावलीत पाण्याच्या बादलीत ठेवून शून्याचे वाचन घ्यावे लागते, कारण पुढचे सगळे आकडे त्याच्याशी ताडायचे असतात. केबलला थोडी ढील ठेवावी लागते, नाहीतर उतार जरासा सरकला की ती तुटते. आणि कोकणात मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात जी वीज कडाडते ती लांब केबलमधून आत शिरते, म्हणून तडित-संरक्षणात काटकसर करता येत नाही. आमच्या मते जिथे तारेचा मापक बसेल तिथे शेजारी एक साधी नळीही असावी. यंत्राने काही विचित्र सांगितले तर टेप सोडून खरेखोटे करता येते.

आकडा वाचायचा कसा? एक मीटर उंचीचे पाणी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब. शेडीच्या माथ्यावर बसवलेल्या मापकात मे महिन्यात शून्य असेल आणि जुलैच्या मध्याला पाच मीटर, तर पाच टनांचा रेटा तिथे वर उचलायला उभा आहे. त्या उताराचा कल, मातीची जाडी आणि शेडीची ताकद माहीत असेल तर किती मीटरला धोका सुरू होतो याचे गणित मांडता येते. ते गणित अचूक भविष्य सांगत नाही. पण काल चार मीटर, आज सकाळी साडेचार, संध्याकाळी पाच असा चढ दिसला आणि पाऊस अजून सुरूच असला, तर वाडीला शाळेत हलवण्याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही.

यावर रास्त आक्षेप असा की वाड्या शेकडो आणि डोंगर अफाट, कुठे कुठे मापक बसवणार? इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितले होते. याद्या चुकतात. प्रत्येक उतारावर मापक बसणार नाही हे खरे, पण तशी गरजही नाही. जांभा-शेडीच्या निवडक आठ-दहा उतारांवर मापक आणि त्याच्या शेजारी पर्जन्यमापक ठेवला, तर तीन-चार पावसाळ्यांत आपल्या मातीबद्दल असे काही हाती येईल जे आज हाती नाही: किती दिवसांच्या किती पावसाने दाब किती चढतो आणि पाऊस थांबल्यावर तो उतरायला किती वेळ घेतो. हे नाते कळले की ज्या उतारांवर मापक नाही तिथेही पावसाच्या आकड्याला अर्थ येतो. आज सरसकट लाल इशारा देऊन लोकांना वारंवार हलवले जाते, काही होत नाही, आणि चौथ्या वेळी लोक हलत नाहीत. इशारा नेमका असेल तर त्यावर विश्वास राहील.

कोकण रेल्वेने वैभववाडीनंतर बरेच केले, ते मान्य करायला हवे. उतार सौम्य केले, जाळ्या आणि भिंती घातल्या, पर्जन्यमापक बसवले, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवणारे वेगळे वेळापत्रक कायम केले. तरीही ६ ऑगस्ट २०२०च्या पहाटे मडुरे आणि पेडणे यांच्यामधल्या बोगद्याची भिंत ढासळली, आणि जुलै २०२४मध्ये त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल येऊन मार्ग बंद पडला. पेडण्याच्या या बोगद्याने बांधकामाच्या वेळीही मऊ, पाण्याने भरलेल्या मातीशी कित्येक वर्षे झुंज घ्यायला लावली होती. संपूर्ण कोकण मार्ग जानेवारी १९९८मध्ये खुला झाला तो त्या झुंजीनंतरच. पाण्याला बाहेर काढण्याची वाट करणे हाच अशा जागी खरा उपाय. ती वाट चालते आहे की बुजली आहे हे भिंत फुटण्यापूर्वी सांगणारा साक्षीदार पुन्हा मापकच.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी, ती काहींना रुचणार नाही. पाणी अडवा, पाणी जिरवा हे धोरण आम्ही मनापासून मानतो. फेब्रुवारीनंतर हंडे घेऊन फिरणाऱ्या बायकांच्या जिल्ह्यात ते न मानणे शक्यच नाही. पण उतारावर सलग समतल चर खणणे, काजू-आंब्याच्या कलमांसाठी जेसीबीने मजग्या काढणे, घरासाठी डोंगराचा पाया कापून सपाटी करणे, या सगळ्यांनी डोंगरात पाणी कुठे आणि किती जाते ते बदलते. माळीणच्या वेळीही उतारावरच्या सपाटीकरणावर बोट ठेवले गेले होते. जे चर एका डोंगराला जीवदान देतात तेच शेडीवर टेकलेल्या दुसऱ्या डोंगराच्या आतला दाब वाढवू शकतात. कोणता डोंगर कोणत्या प्रकारचा, हे वरून पाहून सांगता येत नाही. जिरवण्याच्या कामांवर जो खर्च होतो त्याचा लहानसा वाटा, जिरलेले पाणी आत जाऊन काय करते हे पाहण्यावर झाला पाहिजे.

मातीच्या धरणांचे तर निराळे सांगायला नको. मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव १५३०मध्ये विजयनगरच्या काळात नागेश देसाईंनी बांधला. २०२०मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. जवळजवळ पाचशे वर्षे तो टिकला. मातीच्या बांधात पाणी झिरपणारच. प्रश्न असतो तो किती उंचीवरून, कोणत्या वाटेने आणि माती घेऊन की नितळ. नव्या धरणांमध्ये हा प्रश्न मापकांनी सोडवतात. बांधाच्या पोटात पिझोमीटर कसे बसवावे, कसे वाचावे यासाठी भारतीय मानकच आहे, आयएस ७३५६. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ने तर १५ मीटरहून उंच धरणांना, आणि ठरावीक निकषांत बसणाऱ्या १० ते १५ मीटरच्या धरणांनाही किमान उपकरणे ठेवणे बंधनकारक केले. दोडामार्ग तालुक्यातील तिलारीचे मुख्य धरण मातीचे आणि ७० मीटरांहून उंच आहे. महाराष्ट्र आणि गोवा यांचा तो संयुक्त प्रकल्प, आणि त्याच्या खाली दोन्ही राज्यांतली गावे आहेत. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, वीसहून अधिक जीव गेले. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच सांगितले होते. गळती दिसते तेव्हा आत काय चालले आहे याचे उत्तर मापकांच्या अनेक वर्षांच्या आलेखात असते, आणि तो आलेख धरणाखालच्या ग्रामपंचायतीला मागितल्यावर मिळाला पाहिजे, न मागताही मिळाला तर अधिक बरे.

किनाऱ्यावर हेच मापक वेगळे काम करू शकतात. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही बावींचे गोडे पाणी पाहून पर्यटक थक्क होतात. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते आणि त्याच्यावर तरंगते. स्वच्छ वाळूच्या किनाऱ्यावर समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी टिकले तर त्याखाली सुमारे ४० फूट गोड्या पाण्याचा साठा तरतो. उलटे गणितही तितकेच खरे, आणि ते देवबागसारख्या वस्तीला जास्त लागू आहे. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे पंप लावून पातळी फूटभर खाली नेली की खालून खारे पाणी ४० फुटांनी वर सरकायला लागते. एकाच जागी वेगवेगळ्या खोलीवर बसवलेल्या तीन नळ्या आणि त्यांतल्या पाण्याचा खारेपणा, एवढ्याने ही सरकत येणारी सीमा बावी खाऱ्या होण्याआधी दिसू शकते. तारकर्ली-देवबागच्या पर्यटनाला याची गरज कुणापेक्षाही जास्त आहे.

काम कुणी करायचे? विंधण आणि थरांची नोंद यांचा अनुभव भूजल यंत्रणेकडे आहे. उपकरणांचे ज्ञान नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे, जी १९५९पासून राज्याच्या धरणांसाठी काम करते. दरडप्रवण भागाचे नकाशे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे. आपत्ती व्यवस्थापनाचा अधिकार आणि पैसा ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात. चौघांना एका टेबलावर बसवणे हे जिल्हाधिकाऱ्यांचे काम आहे. पण रोजचे वाचन यांपैकी कुणाकडूनही होणार नाही, हे आधीच मान्य करावे. आठवड्यातून एकदा ओरोसहून येणारी गाडी नेमक्या अतिवृष्टीच्या दिवशी घाटात अडकते. नळीत टेप सोडायची, टोकाला पाणी लागून बझर वाजला की आकडा वाचायचा, वहीत आणि फोनवर नोंदवायचा, हे काम वाडीतला कुणीही जबाबदार माणूस, बारावीची मुलगी किंवा पोलीस पाटील, अर्ध्या तासात शिकतो. त्याला किंवा तिला मानधन द्यावे, आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहावा. ज्याच्या घरामागचा डोंगर आहे त्याला तो आकडा सर्वांत आधी दिसायला हवा.

वेळेचे गणित मात्र कडक आहे. पावसात विंधणयंत्र उतारावर चढत नाही, आणि चढले तरी तेव्हा घेतलेले विंधण ओल्या मातीत नासते. शेडीत बसवलेल्या नळीला आतल्या पाण्याशी जुळून घ्यायला काही आठवडे लागतात. शिवाय मे महिन्यातली, बावी तळाला गेलेल्या दिवसांतली नोंद हाती नसेल तर जुलैच्या आकड्याला मोजायला पायाच राहत नाही. म्हणजे जागा जानेवारीत ठरायला हव्यात, जमीनमालकांची संमती आणि निविदा फेब्रुवारीपर्यंत, आणि शेवटच्या नळीची पाणी ओतून घेतलेली परीक्षा एप्रिल संपायच्या आत.